एम.एम. ५४० चे इंजिन बदलताना

आमच्या महिंद्रा एम.एम. ५४० जीपच्या इंजिनाचा ब्लॉक (सिलिंडर ज्यात असतात तो मुख्य ओतीव भाग) तडकला आहे, हे लातूरच्या एका बोअरिंग वर्कशॉपमध्ये दाबाखाली पाणी भरून तपासल्यावर निश्चित झाले आणि दुरुस्तीचा विषय तिथेच संपला. बिडाचा (ओतीव लोखंडाचा) ब्लॉक वेल्डिंगने किंवा टाके घालून सांधता येतो, परंतु तडा दोन सिलिंडरांच्या मधल्या पातळ भिंतीत असेल तर तो सांधा पुढे किती तग धरेल, याची हमी कोणीही देत नाही. धारूर तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यात आमची सीताफळाची बाग आहे आणि पावसाळ्यात तिथपर्यंतच्या वाटेवर काळ्या मातीचा चिखल चाकांना असा धरून बसतो की फोर व्हील ड्राइव्हशिवाय दुसरे वाहन जात नाही. त्यामुळे गाडी मोडीत काढणे हा पर्याय मनात आलाच नाही. इंजिन बदलायचे, आणि शक्य तेवढे काम अंबाजोगाईतल्या ओळखीच्या मिस्त्रींच्या देखरेखीखाली स्वतःच्या हाताने करायचे, असे ठरवले. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. इंजिन खोलण्याचा अनुभव त्याआधी मला नव्हता. ज्यांच्याकडे अशी जुनी गाडी आहे आणि जे पहिल्यांदाच या कामाला हात घालणार आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम मूळ इंजिनाविषयी. एम.एम. ५४० मध्ये असते ते प्यूजोचे एक्सडीपी ४.९० हे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन. महिंद्राने १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून या इंजिनाचा परवाना घेतला आणि ही इंजिने आपल्याच राज्यात, इगतपुरीच्या कारखान्यात तयार होऊ लागली. नावातला ४ म्हणजे सिलिंडर आणि ९० म्हणजे सिलिंडरचा मिलिमीटरमधला व्यास. पिस्टनची धाव ८३ मिलिमीटर आणि एकूण क्षमता २११२ सीसी. यात डिझेल थेट पिस्टनवर न पडता हेडमधल्या (सिलिंडरांवर बसणाऱ्या झाकणातल्या) लहान कोठडीत फवारले जाते व तिथेच पेट घेते. त्या कोठडीच्या भिंती बरीच उष्णता शोषून घेतात, म्हणून कॉम्प्रेशनचे (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते त्याचे) प्रमाण २० च्या पुढे ठेवावे लागते आणि थंड इंजिन सुरू करण्यापूर्वी हीटर प्लग तापवावे लागतात. डिसेंबरच्या पहाटे बालाघाटाच्या डोंगरात हीटर न देता हे इंजिन उठत नाही. त्यात बिघाड मानण्याचे कारण नाही, ही त्या रचनेचीच रीत आहे.

ब्लॉक का तडकला, याचे उत्तर हेड उतरवताच समोर आले. पाण्याच्या वाटांमध्ये पांढऱ्या क्षाराचा थर इतका जाड होता की काही ठिकाणी करंगळीही आत जात नव्हती. आपल्या भागातल्या बोअरचे पाणी जड असते, हे घरातल्या हंड्या-कळशांवरून प्रत्येकाला ठाऊक आहे. तेच पाणी आधीच्या मालकांकडे वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले गेले होते. क्षाराचा थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही. काट्यावर तापमान ठीक दिसत असतानाही सिलिंडरच्या भिंतीचा एखादा भाग कितीतरी अधिक तापतो, आणि त्याच अवस्थेत रेडिएटरमध्ये गार पाणी ओतले की बीड तडकते. मराठवाड्यात जुन्या डिझेल गाड्यांची जितकी इंजिने झिजून जातात, तितकीच या पाण्यापायी जात असावीत, असे माझे मत आहे.

आता कोणते इंजिन बसवायचे, हा प्रश्न होता. आमच्या भागात ५४० चे इंजिन बदलायचे म्हटले की बहुतेक जण महिंद्राचेच २५२३ सीसीचे डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन सुचवतात आणि त्यामागची कारणे खरी आहेत. ते मूळ ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या कुळातले आहे. डिझेल थेट पिस्टनवर फवारले जात असल्याने ते कमी पिते, थंडीत लवकर सुरू होते, कमी फेऱ्यांवर जोर देते, आणि त्याचे सुटे भाग कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतात, कारण कमांडर आणि मार्शलपासून पुढे कितीतरी गाड्यांत ते बसले आहे. मात्र त्याची पिस्टनची धाव १०१.६ मिलिमीटर आहे, म्हणजे ते अधिक उंच आहे. त्याचे बेल हाऊसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारे घंटेसारखे कवच) वेगळे, माउंटिंगच्या जागा वेगळ्या आणि थरथरही अधिक. ते ५४० मध्ये बसवायचे म्हणजे चेसिसवरचे जुने ब्रॅकेट कापून नवे वेल्ड करणे, गिअरबॉक्सही बदलणे किंवा मध्ये अॅडॅप्टर प्लेट घालणे, त्यामुळे मागे-पुढे सरकलेल्या ट्रान्सफर केसनुसार (ही पुढच्या व मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) प्रॉपेलर शाफ्टची लांबी जुळवणे, आणि खड्ड्यात स्प्रिंग दबल्यावर पुढच्या अक्षाचे हाऊसिंग ऑईल सम्पला (इंजिनाखालच्या ऑईलच्या पात्राला) लागणार नाही ना, हे पाहणे. यातले प्रत्येक काम अनुभवी हाताचे आहे. दुसरा पर्याय एक्सडीपीच्याच घराण्यातले २४९८ सीसीचे एक्सडी३पी. ते आकाराने जवळचे आणि ताकदीने अधिक आहे, तरीही क्षमता वेगळी असल्याने कागदपत्रांचा प्रश्न उरतोच.

हा कागदपत्रांचा प्रश्न गॅरेजमध्ये सहसा कोणी काढत नाही, म्हणून तो इथे स्पष्टपणे मांडतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ तितक्याच कडकपणे लावला आहे. त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन बसवण्याला वाट आहे, परंतु त्यासाठीही नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते आणि नवा इंजिन नंबर आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) चढवून घ्यावा लागतो. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरणाला येते आणि त्या तपासणीत चेसिस व इंजिन असे दोन्ही नंबर पाहिले जातात. नंबर जुळला नाही तर गाडी अडकते; अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो.

या सगळ्याचा विचार करून मी एक्सडीपीच्या जागी एक्सडीपीच बसवण्याचा निर्णय घेतला. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने हाच मार्ग धरावा, असे मला मनापासून वाटते. जागा तीच, माउंटिंग तेच, गिअरबॉक्स तोच राहिला की कापणे-जोडणे उरत नाही आणि सगळे लक्ष मोजमाप, स्वच्छता व जुळणी या तीन गोष्टींवर देता येते. नवख्या माणसाला शिकायला तेवढे पुरेसे आहे.

इंजिन जालन्याच्या बाजूला मोडीत निघालेल्या एका ५४० मधून मिळाले. विकणाऱ्याकडून बिल, मूळ गाडीच्या आरसीची प्रत आणि ती गाडी मोडीत काढल्याचा कागद घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, असे मिस्त्रींनी बजावले होते. ब्लॉकवर कोरलेला नंबर स्वच्छ पुसून, त्यावर कागद ठेवून पेन्सिलने घासून ठसा घेतला आणि कागदपत्रांशी अक्षर-अक्षर ताडून पाहिला. मग इंजिनाची परीक्षा. ऑईलच्या झाकणाखाली पांढरट साय नाही, म्हणजे ऑईलमध्ये पाणी उतरलेले नाही. पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवले तेव्हा ते कुठेही न अडता फिरले आणि प्रत्येक सिलिंडरच्या कॉम्प्रेशनला सारखाच विरोध जाणवला. टॉमीने (लोखंडी पहारीने) फ्लायव्हील मागे-पुढे ढकलून क्रँकची (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याची) अक्षीय चाल पाहिली. तरीही हेड उतरवूनच पाहायचे, हा मिस्त्रींचा आग्रह होता व तो योग्यच होता, कारण इंजिन बाहेर असताना हेड उतरवायला जो त्रास होतो, त्याच्या कितीतरी पट त्रास ते गाडीत बसल्यावर होतो. हेडच्या पृष्ठभागावर सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरपी ठेवून खालून फीलर गेजची (फट मोजण्याच्या साधनाची) पाती सरकवून पाहिली. थोडा बाक होता, तो वर्कशॉपमध्ये घासून काढला. अशा डिझेल इंजिनात पिस्टन ब्लॉकच्या पातळीच्या किती वर येतो त्यावर गॅस्केटची (हेड आणि ब्लॉक यांच्या मधल्या पातळ थराची) जाडी ठरते, म्हणून नवे गॅस्केट घेण्यापूर्वी तेही मोजून घेतले.

जुने इंजिन काढण्याच्या कामात जीपची बांधणी आपल्या बाजूने असते. बॉनेट, पुढची जाळी आणि रेडिएटर काढले की पुढची बाजू मोकळी होते आणि इंजिन फार उंच न उचलता पुढच्या पुढे काढता येते. बॅटरीची तार सर्वांत आधी सोडावी. प्रत्येक वायरला कापडी चिकटपट्टी लावून त्यावर ती कुठे जाते ते लिहावे, आणि सुटलेला बोल्ट ज्या भोकातून आला त्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवावा. डब्यात एकत्र पडलेल्या बोल्टांमधून योग्य लांबीचा बोल्ट शोधण्यात वेळ तर जातोच, शिवाय लांब बोल्ट आखूड जागी घट्ट केला तर ओतकाम फुटते. आमच्याकडे इंजिन लिंबाच्या फांदीला चेनकप्पी बांधून उचलण्याची जुनी पद्धत आहे. मिस्त्रींनी ती ठामपणे नाकारली. एक्सडीपीचे वजन दोन क्विंटलच्या आसपास भरते आणि फांदी आतून पोखरली आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. म्हणून गॅरेजमधल्या लोखंडी गर्डरलाच चेनकप्पी लावली. साखळीचा पुढचा पदर मागच्यापेक्षा आखूड ठेवला, म्हणजे इंजिनाचे नाक वर राहते व गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लचमधून सरळ सुटतो. गिअरबॉक्सखाली आधी जॅक लावायला विसरू नये, कारण इंजिन सुटल्यावर त्याचा पुढचा भार पेलणारे दुसरे काहीच उरत नाही.

या कामाचा गाभा म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांची जुळणी, आणि त्यातही मला सर्वाधिक शिकवले ते क्रँकच्या मागच्या टोकात बसणाऱ्या पायलट बुशने. गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक या बुशमध्ये टेकते. जुना बुश झिजलेला होता, पण तो बंद भोकात असल्याने मागून ठोकून काढता येत नव्हता. मिस्त्रींनी बुशच्या मागच्या पोकळीत बोटाने ग्रीस ठासून भरले, बुशच्या आतल्या व्यासात नेमकी बसेल अशी लेथवर करून आणलेली सळई त्यात ठेवली आणि तिच्यावर हातोड्याचा एक ठोका दिला. बुश केसभर पुढे आला. पुन्हा ग्रीस, पुन्हा ठोका. काही ठोक्यांनंतर तो अखंड हातात आला. अकरावी-बारावीच्या वर्गात पास्कलचा नियम मी कित्येक वर्षे फळ्यावर शिकवत आलो आहे. सळईने दाबलेले ग्रीस दबत नाही, तो दाब सर्व दिशांना सारखा पोहोचवते आणि बुशला मागून ढकलते, हे मला समजत होते. पण तो नियम तळहाताला जाणवला तो त्या दिवशी. सळई सैल असेल तर ग्रीस तिच्या कडेने बाहेर उडते आणि काहीच घडत नाही, म्हणून ती नेमक्या मापाचीच हवी.

त्यानंतर क्लच. क्लच प्लेट फ्लायव्हीलच्या अगदी मध्यावर धरूनच प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळावे लागतात, आणि त्यासाठी जुन्या गिअरबॉक्सचा शाफ्ट डमी म्हणून वापरतात. बोल्ट एकाच बाजूने न आवळता समोरासमोरचे थोडे-थोडे आवळायचे. बेल हाऊसिंगच्या दोन डॉवेल पिनांपैकी एक नव्या इंजिनावर नव्हती. ती जुन्या ब्लॉकमधून काढून बसवली. गिअरबॉक्सला मध्यावर धरण्याचे काम या पिना करतात आणि बोल्ट फक्त आवळून ठेवतात. पिनांशिवायही बोल्ट लागतात आणि गाडी चालते, परंतु शाफ्ट किंचित तिरका राहून पायलट बुश आणि गिअरबॉक्सचे पुढचे बेअरिंग लवकर जाते.

इंजिन पुन्हा आत सरकवताना शेवटच्या बोटभर अंतरावर ते अडले. माझा पुतण्या पाना घेऊन बोल्ट आवळायला पुढे झाला, तेव्हा मिस्त्रींनी त्याचा हात धरला. “थांब बेटा, इंजिन आपसूक बसलं पाहिजे. बोल्टानं ओढून आणलं तर क्लच प्लेटचं वाटोळं होतं.” मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने हळूहळू फिरवले, म्हणजे शाफ्टचे दाते क्लच प्लेटच्या खाचांसमोर येतात, आणि जॅक केसभर वर घेतला. इंजिन आपोआप आत सरकून बेल हाऊसिंगला टेकले. पहिल्यांदा काम करणाऱ्याने हे एवढे तरी नक्की लक्षात ठेवावे: दोन्ही पृष्ठभाग हाताच्या जोराने एकमेकांना टेकेपर्यंत बोल्टला पाना लावू नये. काही अडत असेल तर त्याला कारण असते, आणि ते कारण शोधणे हेच खरे काम असते.

पाण्याची व्यवस्था या वेळी पहिल्यापासून नीट करायची होती. तांब्या-पितळेचा रेडिएटर असल्याने त्याच्या टाक्या खोलून नळ्यांमधून सळई फिरवून घेतली. आपल्याकडे उन्हाळा कडक, म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सर्रास पद्धत आहे. ती मला मान्य नाही. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन कामाच्या तापमानाला वेळेत पोहोचत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही आणि सिलिंडर लवकर झिजतात. शिवाय ज्या इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करतो, त्यांत तो काढल्यावर काही पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच परत फिरते, म्हणजे ज्या गरमीच्या भीतीने तो काढला तीच वाढू शकते. नवा थर्मोस्टॅट उकळत्या पाण्याच्या पातेल्यात उघडतो की नाही ते पाहून बसवला, आणि बोअरच्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड पाणी व कूलंट समप्रमाणात भरले.

डिझेलच्या वाटेतली हवा काढण्याला धीर लागतो. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हाताच्या प्रायमरने बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल चढवायचे, मग पंपावरचा स्क्रू, आणि शेवटी नोझलकडे (डिझेल फवारणाऱ्या तोटीकडे) जाणाऱ्या पाइपांचे नट सैल करून स्टार्टर द्यायचा. स्टार्टर देताना नोझलच्या पाइपाजवळ हात नेऊ नये. त्या दाबाची धार कातडी भेदते. त्याआधी डिझेल बंद ठेवून, ऑईल प्रेशरचा काटा उठेपर्यंत इंजिन नुसते फिरवून घेतले, म्हणजे बेअरिंगांपर्यंत ऑईल पोहोचते. एअर फिल्टरची नळी काढलेली होती आणि तिथे प्लायचा एक सपाट तुकडा हाताशी ठेवला होता. डिझेल इंजिन कधी ताब्याबाहेर जाऊन स्वतःचेच ऑईल पिऊ लागले, तर चावी बंद करून ते थांबत नाही. त्याची हवा कोंडावी लागते. वाळूची बादलीही शेजारी होती. त्या तुकड्याची गरज पडली नाही. हीटर देऊन स्टार्टर दिला, थोडा पांढरा धूर आला, एक सिलिंडर मागे राहिला, त्याच्या पाइपातली उरलेली हवा काढताच चारही सिलिंडर एका लयीत चालू लागले. मिस्त्रींनी लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक ब्लॉकला व मूठ कानाला लावून बराच वेळ ऐकले आणि मग हात पुसायला घेतले.

अंबाजोगाईच्या परिवहन कार्यालयात मंजुरीचा अर्ज इंजिन उचलण्यापूर्वीच दिला होता. बसवल्यानंतर तपासणीसाठी गाडी नेली, तेव्हा अधिकाऱ्यांनी इंजिन नंबरचा पेन्सिलचा ठसा पुन्हा घेऊन माझ्या कागदांशी ताडून पाहिला. खरेदीचे बिल आणि मूळ गाडीची कागदपत्रे नसती तर काम तिथेच थांबले असते. नवा नंबर आरसीवर चढल्यावर विमा कंपनीलाही तो लेखी कळवला.

पहिले ऑईल लवकर बदलले. त्यात लोखंडाचा बारीक कीस होता, तो चुंबकाने गोळा करून पाहिला. काळजी करावी असे त्यात काही नव्हते, परंतु पुढच्या वेळी तुलना करता यावी म्हणून तो एका बाटलीत ठेवला आहे. हेडचे बोल्ट इंजिन काही वेळा तापून थंड झाल्यावर ठरलेल्या क्रमाने टॉर्क पान्याने पुन्हा तपासले. मेच्या दुपारी, भर उन्हात, सीताफळाच्या रिकाम्या कॅरेटांसह दोन माणसे बसवून धारूरचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढवला, तेव्हा तापमानाचा काटा मध्याच्या थोडा वर जाऊन तिथेच स्थिर राहिला. सध्या ट्रान्सफर केसच्या मागच्या सीलमधून ऑईल पाझरते आहे आणि सायलेन्सरचा मधला सांधा वाजतो. ही दोन्ही कामे पाऊस लागण्यापूर्वी उरकून घ्यायची आहेत.